जाई, बावन्न पत्ते आणि बाप्पा

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक कुणी बसवायचं, याचा निकष ठरलेला आहे: ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे आणि जो मीटिंगला गैरहजर आहे, त्याने. यंदा या दोन्हींत बसणारा मी एकटाच निघालो.

समितीच्या अटी मोजक्याच होत्या. नाटक आरतीच्या आत संपलं पाहिजे. सोसायटीतलं प्रत्येक मूल स्टेजवर दिसलं पाहिजे. आणि कुणाचंही मूल झाड होता कामा नये. गेल्या वर्षीच्या झाडाच्या आईने अजून मेंटेनन्स भरलेला नाही.

मी लुईस कॅरॉलची 'ॲलिस इन वंडरलँड' ही गोष्ट निवडली ती साहित्यप्रेमापोटी नव्हे, तर हिशेबाने. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने १८६५ साली पालकांची केवढी सोय करून ठेवली आहे पाहा: राणीचा अख्खा दरबार पत्त्यांचा! ज्या मुलाला भूमिका नाही, त्याला पुठ्ठा बांधायचा आणि चौकटची सत्ती म्हणून उभं करायचं. बावन्न जणांची सोय. एवढी मुलं तर आमच्या दोन्ही विंगांत मिळूनही नाहीत.

"गणपतीत इंग्रजी गोष्ट कशाला?" नाना म्हणाले. दे. ना. टिळकांनी ॲलिसची जाई करून मराठीत तिची कधीच 'जाईची नवलकहाणी' करून ठेवली आहे, असं मी सांगितलं. टिळक हे आडनाव ऐकताच नानांचा गणेशोत्सवापुरता आक्षेप मावळला. हे टिळक वेगळे, हे मी मुद्दामच सांगितलं नाही.

मग पत्ते वाटायला घेतले आणि जुगाराच्या अड्ड्यावर होत नसतील इतकी भांडणं झाली. "आमचा तिर्री आणि समोरच्यांचा दश्शी? कशावरून?" मी एक्के वाटून तोंडं बंद केली. पण कादंबरीत एक्क्याला चकार शब्द नाही. बोलतात ते इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती. ते बागेतले माळी; चुकून लावलेल्या पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत एकमेकांवर खेकसत असतात. ही बातमी रात्रीत ग्रुपवर फुटली. सकाळी दारात सगळे एक्के उभे, दुर्री व्हायला.

जाईचं तर वेगळंच. एक घोट घेतला की ती वीतभर होते, एक घास खाल्ला की छताला टेकते. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. मंडपात आमच्याकडे दोन हॅलोजन आणि एक पडदा, तोही वाढप्याकडून आणलेला. मी तीन जाई घेतल्या: एक बालवाडीतली, एक चौथीतली आणि एक दहावीतली, बास्केटबॉल खेळणारी. पडदा ओढला की जाई बदलायची. युक्ती फक्कड होती, पण तीन आयांमध्ये 'खरी जाई' कुणाची, हा वाद विसर्जनानंतरही चालू आहे.

सुरवंट हुक्का ओढतो म्हटल्यावर महिला मंडळाने वही मिटली. हुक्का गेला, वाफ घ्यायचं मशीन आलं. सर्दी झालेला सुरवंट जाईला नाकातून विचारू लागला, "तू कोड?"

खरा पेच पुढे होता. बदामची राणी उठताबसता "उडवा याचं मुंडकं!" असं ओरडते. बाप्पासमोर हे कसं चालेल, यावर सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी नानाच म्हणाले, "अहो, या विषयातला त्यांच्याइतका अनुभव कुणाला आहे?" ठराव एकमताने मंजूर.

कॅरॉलने तरी काय वेगळं भोगलं होतं! १८८६ च्या नाताळात हेन्री सॅव्हिल क्लार्कने लंडनच्या रंगभूमीवर पहिल्यांदा मोठ्या थाटात ॲलिस आणली. ॲलिसच्या दोन पुस्तकांपैकी एकाचंच नाटक करा, दोन्ही एकत्र करू नका, असं कॅरॉलचं मत होतं. क्लार्कने दोन अंकांत दोन्ही बसवली. तेव्हा लेखकाचं कुणी ऐकलं नाही, तर बी विंगमधल्या दिग्दर्शकाचं कोण ऐकणार?

प्रयोगाच्या वेळी घंटा झाली, जाई झोपेचं सोंग घेऊन पडली आणि तिच्यासमोरून घाईघाईने धावायचा तो ससा बेपत्ता. तो अबॅकसच्या क्लासला होता. जाई पडून राहिली. काही वेळाने तिला खरीच झोप लागली. तेवढ्यात गेटकडून दप्तरासकट, एक कान लोंबत, ससा प्रेक्षकांतून धावत आला, "उशीर झाला! मेलो! उशीर झाला!" असं कळवळून ओरडत. टाळ्याच टाळ्या. त्याच्या आईने मात्र मला मागे गाठलं: मेकअपशिवाय फोटो खराब आले.

शेवटी राणीच्या दरबारातला खटला. जाईने, म्हणजे दहावीतल्या जाईने, ठणकावलं, "तुम्ही नुसते पत्ते आहात!" की सगळ्यांनी कोसळायचं, असं ठरलेलं. ती ओरडली आणि डाव धाडकन पडला. पहिल्या रांगेतून "हळू, पुठ्ठ्याचं डिपॉझिट आहे!" असा आवाज आला. धूळ खाली बसली तेव्हा बदामचा एक्का मधोमध उभा होता, ताठ, हसरा.

जाईने वाक्य पुन्हा म्हटलं. एक्का ढिम्म. तिने तिसऱ्यांदा, जरा दात खात म्हटलं.

"थांब ना ताई," एक्का म्हणाला, "आईचा व्हिडिओ चालू आहे."