शिंदी शे, भो!

काल संध्याकाळी शेजारच्या अप्पांनी माझ्या झाडाचं पान मोडलं. मोडलं म्हणजे भेंडी कोवळी आहे की जून हे बघायला शेंडा मोडतात ना, तसं, कट्कन. चार वर्षांत ज्या झाडाने मोजून सात पानं काढली त्यातलं एक!

थोडक्यात सांगतो. दीवला नागवा नावाच्या किनाऱ्यावर ताडासारखं पण चक्क फांद्या फुटलेलं झाड बघितलं. तिकडे होका म्हणतात, आपल्याकडे रावणताड. खाली पडलेली दोन फळं उचलली, धुळ्यात आणून तेलाच्या डब्यात पुरली. पाच महिने काहीच नाही. ह्याचा कोंब आधी सरळ खाली जातो, पान नंतर वर येतं, हे मला कळेपर्यंत बायकोने त्याच डब्यात दोनदा कोथिंबीर काढली होती. त्यात बाजूच्या डब्यात आम्हीच खाल्लेल्या खजुराच्या बिया, आणि नावांच्या चिठ्ठ्या पावसात गेल्या. मान्य, ती चूक माझी.

तर अप्पा. कुंपणावरून वाकले आणि म्हणाले, "हाई शिंदी शे, भो." शिंदी म्हणजे रानखजूर, ज्याची नीरा काढतात तो.

"अप्पा, बी दीवहून आणलंय."

"दीवले शिंदी नही का?"

आता काय बोलणार. मोबाईल काढला तर ॲपने आधी मका सांगितला, मग गवत. अप्पा इतके हसले की कुंपण धरून उभं राहावं लागलं. ताडाच्या कुळातली बरीच रोपं लहानपणी गवतासारखी अखंड पट्टीचीच असतात, शिंदीचं मोठं पान पिसासारखं असतं, बुडाच्या पात्यांचे काटे झालेले असतात वगैरे मी सांगत होतो आणि मधेच अप्पा म्हणाले, "तुले पुस्तकमा दिसनी व्हई. मना आजानी शिंदी छाटेल शे."

खान्देशात आजा मधे आला की वाद संपला. भरिताला वांगी बामणोदचीच कशाला असं मी एकदा सासरी विचारलं होतं, सासरे दोन दिवस बोलले नाहीत. पोह्यांची बशीसुद्धा मेहुण्याच्या हाताने पाठवली.

"नीरा कव्हय निंघी?" असं म्हणत अप्पांनी पान मोडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. "वास देख." वास गवताचा होता.

पान गेल्याचा राग आहेच. पण ४५ डिग्रीत बायकोची जुनी साडी बांधून सावली केली मी, अंघोळीचं पाणी घातलं मी, आणि येणारा-जाणारा कुणी "हे काय आहे?" असं विचारत नाही, थेट सांगतो! कुरिअरवाला पार्सल देताना नारळ सांगून गेला. वर, खारं पाणी लागतं म्हणे त्याला. मीठ घाला.

आज सकाळी बघतो तर मधली सुरळी उलगडलेली, छान हातपंख्यासारखी! देठाला वर वाकलेले काळे आकडे. ताडाच्या देठाला करवतीसारखे दाते असतात, आकडे नाही, आणि हे आकडेच आहेत ह्याचा पुरावा माझ्या मनगटावर आहे. अप्पांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून निवांत बघितलं.

"ताड शे. मी काल काय सांगेल व्हतं?"

"अप्पा, काल शिंदी म्हणालात! आणि हा ताड नाही, रावणताड आहे."

"मंग फांद्या कोठे शेतस?"

फांद्या फुटायला बरीच वर्षं जातात. अप्पा कुंपणाशी खुर्ची टाकून बसलेत.