गोचीडजन्य मेंदूज्वराच्या लशीचे बिल: एक खुलासा

‘जर्मनीत गोचीडजन्य मेंदूज्वराच्या लशीचा खर्च प्रत्येकाला स्वतःच करावा लागतो’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. तेथील जोखमीच्या घोषित भागांत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या आणि गोचीड चावण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींच्या लशीचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. डॉक्टर विमाकार्डावरच बिल लावतात. परदेशातील खासगी सहलीसाठी लस घेतल्यास मात्र बिल रुग्णाच्या नावे निघते, आणि अनेक विमासंस्था ते स्वेच्छेने पूर्ण किंवा अंशतः परत करतात, म्हणून पावती अवश्य जपावी. केवळ खर्चाच्या भीतीने ही लस टाळली जाऊ नये, कारण या आजारावर विषाणूनाशक औषध नाही. प्राथमिक लसीकरण तीन मात्रांचे असते. गोचीड चावल्यानेच होणाऱ्या लाइम रोग या दुसऱ्या, जिवाणूजन्य आजारापासून मात्र ही लस संरक्षण देत नाही.