‘पोर्ट मोजा आणि स्विच उचला’: या सल्ल्यात काय काय चुकतं

ऑफिसातले संगणक केबलने एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच कसा घ्यावा, यावर ऑफिसांच्या ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय: “स्विच सगळे सारखेच. पोर्ट मोजा, गिगाबिट लिहिलंय का बघा आणि घ्या. पीओई, एसएफपी, मॅनेज्ड हे सगळे पैसे उकळायचे धंदे. आणि पीओई पोर्टला लॅपटॉप लावू नका, जळेल.”

आधी जळण्याचं बघू. पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. मानक पीओई पोर्ट केबल खोचल्या खोचल्या वीज सोडत नाही. अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का, हे तो आधी तपासतो. लॅपटॉपमध्ये तो नसतो, म्हणून त्याला फक्त डेटा मिळतो. धास्ती घ्यायचीच तर पॅसिव्ह पीओईची घ्या. तिथे ही चौकशीच होत नाही, वीज थेट तारेवर येते.

आता पीओई हा धंदा आहे का? छतावरचा वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, जिन्यातला कॅमेरा, टेबलावरचा आयपी फोन, या प्रत्येकाशेजारी प्लग काढून बघा, मग बोलू. खरी गोची वेगळीच आहे: पीओई घेणारेसुद्धा पोर्टच मोजतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, २००९ च्या ८०२.३एटीमध्ये ३० वॅट. चोवीस पोर्टांना ३० प्रमाणे ७२० वॅट लागतील. डेटाशीटवर मात्र ‘पीओई बजेट ३७० वॅट’, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून एवढीच वीज, असं लिहिलेलं असू शकतं. म्हणजे पूर्ण ३० वॅट एका वेळी फक्त १२ पोर्टांना. बजेट काठोकाठ भरलेलं असलं, की दिवसा चालणारे कॅमेरे रात्री इन्फ्रारेड दिवे लागून जास्त वीज ओढायला लागल्यावर माना टाकतात, आणि बिचाऱ्या केबलवाल्याला फोन जातो.

‘गिगाबिट लिहिलंय’ हेही अर्धंच. वेग प्रत्येक जोडणीत ठरतो. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, एक तार नीट बसली नाही, तर लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते. मेल चालतो, ब्राउझर चालतो, फक्त मोठी फाइल रडतखडत जाते. पोर्टवरचा दिवा बघा: कित्येक मॉडेलांत हिरवा म्हणजे गिगाबिट, केशरी म्हणजे १००. कंपनीगणिक रंग बदलतात, तेव्हा मॅन्युअल उघडा.

एसएफपी, म्हणजे वेगळं मॉड्यूल बसवायची खाच, ती कशाला? तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच. त्यापुढे फायबर, आणि त्याचं मॉड्यूल याच खाचेत बसतं. शिवाय चोवीस जण एका १ गिगाबिटच्या अपलिंकवरून (स्विचमधून पुढे जाणाऱ्या जोडणीवरून) सर्व्हरकडे धावत असतील, तर १० गिगाबिटचा एसएफपी प्लस पोर्ट लागतो. साधी एसएफपी खाच दिसायला तशीच, पण १० गिगाबिट देत नाही. कॉम्बो पोर्टचं तर विचारूच नका: तांबं आणि फायबर मिळून दोन तोंडं दिसतात, चालतं एका वेळी एकच. नुसते पोर्ट मोजणारा इथे हमखास फसतो.

मॅनेज्ड, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात अशा स्विचबद्दल थोडक्यात. कुणीतरी लोंबणारी केबल ‘नीट’ लावायला म्हणून तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचतं. इथरनेट फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी पाठवलेलं पाकीट) गोल गोल फिरत राहतं आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री, ही असा फेरा ओळखणारी सोय, चालू असेल तर ते पोर्ट आपोआप अडवलं जातं.

सल्ला एका बाबतीत बरोबर आहे. ‘स्विचिंग कॅपॅसिटी ४८ जीबीपीएस’ वाचून भारावू नका. २४ पोर्ट, दोन्ही दिशांनी १ गिगाबिट, हा नुसता गुणाकार आहे, आणि आजचे बहुतेक गिगाबिट स्विच तो पूर्ण करतात. पाच-सहा संगणक आणि एक प्रिंटर असेल तर साधा अनमॅनेज्ड स्विच पुरे. फक्त तो बिनपंख्याचा आहे ना, एवढं बघा. रॅकसाठी बनवलेल्या स्विचचे चिमुकले पंखे टेबलाशेजारी दिवसभर डोकं उठवतात.