चंदी घोड्याची, पंगत पाखरांची

स्वर्गीय नर्तक हा पक्षी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या उजव्या पायावर घोडा उभा होता.

अख्खा घोडा नव्हे, त्याचा पुढचा डावा पाय. पण जनावर साडेचारशे किलोचं. एका पायाच्या वाट्याला किती येतं ते तुम्हीच काढा. त्यात घोड्याचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो, ही माहिती मला नंतर डॉक्टरांनी दिली. माझ्या नव्हे, घोड्याच्या डॉक्टरांनी.

मार्चमधली सकाळ होती. पागेच्या हौदावर बाभळीची एक फांदी वाकलेली आहे, तिच्यावर तो येऊन बसला. पांढराशुभ्र, डोकं काळं कुळकुळीत, वर तुरा, आणि मागे शेपटीच्या दोन लांबच लांब फिती. फांदीवरून तो सुळकन खाली यायचा, पाण्याला पोट टेकवायचा आणि परत जाऊन बसायचा. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, "परवाच दिसला हो, तुम्ही हवे होतात." आज मी होतो. बूट मात्र कापडी होते.

ओरडलो असतो तर पक्षी उडाला असता. म्हणून मी कुजबुजत्या आवाजात "मामा… मामा…" अशी हाक घातली. ती ऐकायला मामांना दोन मिनिटं लागली. त्यांनी येऊन घोड्याच्या खांद्याला खांदा लावला, "सर रं मागं," म्हणाले. घोडा सरला. पक्षी उडाला.

"आवं सायब, वरडायचं न्हाई व्हय?"

"पक्षी होता."

मामा चाळीस वर्षं मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, करत आहेत. घोड्यांचे नाना प्रकार त्यांनी पाहिलेत. माणसात हा प्रकार बहुधा नवा असावा.

घोडा माझा नाही, चिऊचा आहे. चिऊ म्हणजे आमची मुलगी. आठवीत असताना ती सुटीतल्या शिबिरात घोड्यावर बसली ती उतरलीच नाही. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसातून तिने शर्यतीतून निवृत्त झालेला एक घोडा घेतला. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत हिवाळ्यात, अशी पाच वर्षं पळून पाय थकलेला. कागदोपत्री त्याचं नाव असं आहे की उच्चारायला छाती फुगवावी लागते. पागेत सगळे राजा म्हणतात. सहा महिन्यांत कंपनीने तिला बंगळूरला पाठवलं. घरातली चिऊ उडाली आणि मागे घोडा राहिला.

"बाबा, रविवारी नुसतं जाऊन या. गाजर द्या, थोडं फिरवा, मला व्हिडिओ पाठवा."

माझा घोड्यांशी पूर्वसंबंध म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचा एक आणि वरातीतला एक. वरातीतला घोडा बिचारा शांत होता, बिथरलो होतो तो मी. पण लेकीचा शब्द. कोथरूडहून सकाळी साडेपाचला निघायचं, चांदणी चौक ओलांडायचा, मुळशीच्या रस्त्याला पिरंगुटच्या अलीकडे आत वळायचं. पहिले दोन रविवार मी पागेच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, घोड्यापासून सुरक्षित अंतरावर बसून काढले. तिसऱ्या रविवारी निवृत्तीच्या समारंभात मिळालेली दुर्बीण बरोबर नेली. आता मी गुरुवारीही जातो. आमच्या हिला वाटतं, लेकीच्या घोड्यासाठी बाप किती करतो. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

पागा ही फक्त घोड्यांची असते असं घोड्यांचे मालक समजतात, कारण पैसे ते भरतात. खरी वहिवाट दुसऱ्यांचीच. घोडा चंदी (त्याचा रोजचा दाणा) खातो म्हणजे अर्धी खातो आणि अर्धी सांडतो. जी खातो त्यातलेही काही ओट न पचता दुसऱ्या टोकाने जसेच्या तसे बाहेर येतात. पुण्यातल्या चिमण्या कुठे गेल्या या विषयावर आमच्या भागात दर मार्चमध्ये एक व्याख्यान होतं. एकदा वक्त्यांना इथे आणलं पाहिजे. चिमण्या लिदीवर बसल्यात.

गायबगळा घोड्याच्या खुराशी पाऊल जुळवून चालतो, गवतातून उडालेला नाकतोडा वरच्या वर टिपतो. रानात बैल असेल तर बैलामागे, ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरमागे, इथे घोड्यामागे; त्याचं नाव गाय लावून ठेवलंय एवढंच. कोतवाल कुंपणाच्या खांबावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो. हुदहुद रिंगणाच्या मऊ मातीत चोच खुपसत फिरतो, शिवणयंत्राची सुई चालावी तसा. मुंगूस रोज साडेसातला गवताच्या गंजीमागून निघून लिदीच्या खड्ड्याकडे जातं. लहानपणची "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शप्पथ" ही ओळ माझ्या तोंडून या वयातही आपोआप निघते. एकदा ती ऐकून घोड्यावर बसलेली दहा वर्षांची मुलगी तिच्या आईला म्हणाली, "ते काका कोणाशी बोलतायत?"

पण कावळ्याइतका निर्ढावलेला पाहुणा दुसरा नाही. मी छत्री उघडली तर राजा दोन पायांवर उभा राहतो. प्लास्टिकची पिशवी सळसळली तर ठाणातल्या ठाणात गिरकी घेतो. आणि एप्रिलमध्ये कावळा येतो, त्याच्या पाठीवर ऐसपैस बसतो, शेपटीच्या मुळाशी चालत जातो आणि चोचीत धरून केस उपटतो. एक उपटला, चोचीच्या कडेला सरकवला, दुसरा उपटला. राजा डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ लोंबता सोडून, एक मागचा पाय आरामात टेकवून उभा. मी जाऊन खरारा हातात घेतला की कान मागे!

"कावळा फुकट खरारा करतोय," मामा म्हणतात, "तुमी गुदगुल्या करताय."

बुलबुल इतका धीट नाही. तो ठाणाच्या दाराला अडकलेले केस वेचून नेतो. खोगिरांच्या खोलीबाहेर बोगनवेलीत त्याची वाटी मी पाहिली. बाहेरून काटक्या आणि कोळ्याचं जाळं, आतून राजाच्या शेपटीच्या काळ्या केसांचं गोल गोल गुंडाळलेलं अस्तर. राजाच्या शेपटीसाठी चिऊ बंगळूरहून कुरियरने शांपू पाठवते. त्या बाटलीची किंमत मी हिला अजून सांगितलेली नाही. बुलबुलाची तीन पिल्लं त्या शांपू केलेल्या गादीवर वाढली.

चंदीच्या खोलीत घुशी. पागेतलं मांजर घूस दिसली की वाट सोडून बाजूला होतं, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त धामण आणि घुबड यांच्याकडे आहे. धामणीला पाहून मी एकदा खुर्चीवर चढलो होतो, तेवढं पुरे. घुबडाबद्दल सांगतो. कडब्याच्या माळ्यावर ते राहतं. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, झोपमोड झालेल्या न्यायाधीशासारखा. मराठीत त्याचं नाव गव्हाणी घुबड. ज्यांनी ते ठेवलं त्यांनी गव्हाण पाहिली होती, घुबडही पाहिलं होतं. एका घोड्याच्या नव्या मालकाने अपशकुन म्हणून ते हाकलायला सांगितलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "लक्षुमीचं वाहन हाय ते. घालवू म्हनता?" मालक व्यापारी होता. विषय संपला.

हे घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचणारी हाडं-केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. माळ्याखालून अशी एक सुकलेली, अंगठ्याएवढी करडी गोळी मी रुमालात बांधून घरी आणली. गॅलरीत पेपरची पुरवणी पसरली आणि दात कोरायच्या काडीने ती सोडवायला बसलो. केसांच्या नमद्यातून आधी एक नारिंगी दात वर आला. मग जबडा. मग नखाएवढी एक कवटी, तिच्या शेजारी दुसरी, आणि तळाशी तिसरी. तीन उंदीर, एकाच रात्रीतले! आनंदाने मी वर पाहिलं, तर ही चहाचा कप घेऊन उभी. कवट्या नेमक्या 'घर सजवा' या लेखावर मांडलेल्या होत्या. त्या दिवसापासून मला पागेतून आल्यावर बाहेरच्या नळावर हातपाय धुवावे लागतात, आणि खिसे उलटे करून दाखवावे लागतात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पागेत गेलो तर रिंगणात शुकशुकाट. वारीत माउलींचा अश्व धावतो त्या रिंगणात त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. आमच्या रिंगणात पडणारे ती अंगभर लावून उठतात, एवढाच फरक. शिकवायला निवृत्त रिसालदारसाहेब. त्यांच्या आवाजाने घोडेच काय, पालकही सरळ उभे राहतात. ते कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो भाग बंद. टिटवी बसली आहे."

मी पाच मिनिटं बघत होतो. माती, खडे, वाळलेल्या लिदीचे तुकडे. मामांनी काठी रोखली तेव्हा त्या खड्यांतले चार खडे अंडी झाले. मातकट, वर काळे शिंतोडे, निमुळती टोकं आत करून मांडलेली. घरटं म्हणजे नुसता खोलगट खळगा. रिसालदारांनी भोवती चार नारिंगी कोन ठेवले आणि हुकूम काढला: सगळे घोडे आतल्या वर्तुळातून.

टिटवी घोड्यांना भीत नव्हती. खूर जवळ आला तर पंख पसरून उभी राहायची, की घोडा आपणच वळसा घालायचा. माणूस मात्र तीस पावलांवर आला की दोघं नवरा-बायको आकाशात, आणि टिट्‌टिटिव्‌ टिट्‌टिटिव्‌ असा कल्ला. राजाला घेऊन मी पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा माझ्या डोक्यात पांढरी टोपी होती. टिटवी थेट टोपीवर आली. मी वाकलो. मी का वाकलो हे बघायला राजाने मान वर केली, आणि त्याला पसरलेले पंख दिसले. शर्यतीत वीस-वीस हजार लोकांच्या आरोळ्यांतून धावलेलं हे जनावर. समोर दोनशे ग्रॅमचा पक्षी. राजा जागच्या जागी फिरला, दोरी माझ्या हातातून गेली आणि मी बसलो ते मातीतच. डोळे पुसून पाहतो तर राजा आपल्या ठाणात पोचून गवत खात होता.

"टोपी गेली तर जाऊ दे," लांबून रिसालदार गरजले, "दोर का सोडला?"

त्यानंतर ऊन वाढत गेलं. दुपारी चाळीसच्या वर. तेव्हा मी जे पाहिलं ते राजाच्या खुराखाली काळ्या झालेल्या माझ्या पायाच्या नखासकट मला परवडलं. टिटवी चालत हौदाच्या सांडपाण्याच्या डबक्यात यायची, पोटाची पिसं फुलवून त्यात बसायची, दोन्ही बाजूंना डोलून ती चिंब करायची आणि टपकत्या पोटाने परत जाऊन अंड्यांवर बसायची. उबवायला नव्हे, गार करायला. नवरा आला की पाळी बदलायची. हौदाचा नळ मामांनी थेंब थेंब सोडून ठेवला होता. पाण्याच्या प्रत्येक बादलीचा हिशेब मागणारे रिसालदार तिथून जाताना हटकून दुसरीकडे बघायचे.

एप्रिलअखेर मुलांच्या स्पर्धा झाल्या. त्या कोपऱ्यामुळे आठाऐवजी सातच अडथळे लावता आले. एक पालक तावातावाने आले, "आम्ही फी रिंगणाची भरतो की टिटवीची?"

"घोडा वळवता येत नसेल," रिसालदार म्हणाले, "तर अजून एक सहामाही भरा."

टिटवी समुद्रही आटवते म्हणतात. इथे तर नुसता पालक होता. मामा या सगळ्याकडे पावसाचा अंदाज म्हणून बघत होते. रिंगणाचा तो कोपरा जरा उंच आहे. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस दणकून. मामांनी लगेच घराच्या पत्र्यांची डागडुजी काढली आणि माझ्याकडून दोन हजार उसने नेले.

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी खळग्यात एकच अंडं उरलं होतं. पिल्लं तीन, कुंपणाच्या कडेला, भिजवलेल्या हुलग्याच्या रंगाची, अंगापेक्षा पाय मोठे. आईने एक बारीक आवाज काढला आणि तिघं दिसेनाशी झाली. पळाली नव्हती, बसली होती फक्त. दुर्बीण लावून मी पंधरा मिनिटं माती बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत आख्खं कुटुंब कुंपणापलीकडच्या पडीक रानात गेलं. चौथं अंडं फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं, आणि मुंगूस साडेसातला आलं नाही, नऊला आलं, जरा जड चालीने.

त्या रात्री चिऊचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, बारा मिनिटं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि बाबा, राजा?"

"तो आहे की," मी म्हणालो. व्हिडिओ पाठवला होता. त्यात पंचेचाळीस सेकंद टिटवी आहे आणि शेवटी कोपऱ्यात एक कान.

कोन काढले, रिंगण मोकळं झालं. पण राजा अजून त्या कोपऱ्याच्या पंधरा पावलं अलीकडे थांबतो, मान वर करतो, नाकातून फुर्र करतो आणि लांबून वळसा घालतो.

"अहो, तिथे आता काही नाही!" रिसालदार ओरडतात.

"मला माहीत आहे. त्याला सांगा."

त्याला कोणी सांगत नाही. मीही त्याच्याबरोबर वळसा घालतो, दोन हात अंतर ठेवून. नवं नख अजून अर्धंच आलंय.