रचना सदोष

काल दुपारी माझ्याच व्हरांड्यात, माझ्याच आरामखुर्चीत, एसीची पाहणी करायला आलेला एक तरुण पाऊण तास घोरत पडला आणि जागा झाल्यावर त्याने माझ्याकडून पाहणीचे पैसे घेतले. पैशांचे दुःख मी विसरेन, परंतु पावतीवर त्याने जी खूण केली आहे ती मला अजून पचलेली नाही.

बंगला शंभरी ओलांडलेला आहे आणि मी वर्षभर तो दुरुस्त करतो आहे. एवढा पूर्वेतिहास पुरे, कारण तो ऐकणारा प्रत्येक जण दुसऱ्या वाक्याला ‘पाडून नवा का बांधत नाही?’ असे विचारतो. एसीची गरज पडली ती कोपऱ्यातल्या झोपायच्या खोलीसाठी. माझ्याआधी राहणाऱ्या कोणा शहाण्याने तिथले छताजवळचे झरोके विटांनी बुजवून चारही भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यात बांधलेली भिंत ओल पिते आणि सावकाश बाहेर सोडते. सिमेंट तिचे तोंडच दाबून धरते. मग अडकलेले पाणी क्षारांसकट वाट शोधते, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याच्या पापड्या रात्री-अपरात्री उशीवर पडतात. १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेणाऱ्या जोसेफ अ‍ॅस्पडिनशी माझे वैयक्तिक वैर नाही, पण केसांतून गिलावा झटकताना त्याची आठवण मात्र येते.

तर त्या तरुणाने लेझरचे यंत्र वर रोखले, आकडा पाहिला, यंत्र हातावर आपटले आणि पुन्हा रोखले.

‘काका, हे पंधरा फूट दाखवतंय.’

‘बरोबर आहे.’

‘म्हणजे छत चुकलंय. आपण नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग घेऊ.’

छत मुद्दाम उंच ठेवलेले असते, गरम हवा वर चढते आणि झरोक्यांतून निघून जाते, हे मी त्याला व्याख्यानाच्या सुरात समजावले. त्याने मान वर करून चारही भिंती निरखल्या.

‘झरोके कुठे आहेत?’

‘बुजवले आहेत.’

‘मग ती हवा जाते कुठे?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो झडपांच्या खिडकीकडे वळला.

‘ही बंद करून दाखवा.’

‘बंदच आहे.’

‘हिच्यातून तर वारा येतोय!’

‘त्यासाठीच ती आहे.’

‘मग उघडल्यावर ही वेगळं काय करते?’

गवंडी हसला. वर्षभर माझी मजुरी घेणारा माणूस त्याच्या बाजूने हसला, हे मी लक्षात ठेवले आहे.

शेवटी त्याने पाच टनांचा अंदाज सांगितला. एसीचा टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला लागेल एवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद. म्हणजे या एका खोलीपायी, हिशेबाने, रोज पाच टन बर्फाच्या लाद्या माझ्या जिन्यावरून चढणार. शिवाय फटीफटींतून आत येणारी दमट हवा त्या गारव्यात पाणी सोडणार आणि जुन्या लाकडावर बुरशी धरणार ती वेगळीच. मी शंका काढल्यावर तो ‘बाहेर बसून नीट आकडेमोड करतो’ म्हणून व्हरांड्यात गेला. तिथे खोल सावली होती आणि आरपार वारा वाहत होता. कागद छातीवर ठेवून तो जो झोपला, तो उठला तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या तृप्त बाळासारखा दिसत होता.

‘काका, इथे एसी कशाला? आधी ते झरोके उघडा आणि सिमेंट खरवडून काढा.’

हेच मी वर्षभर घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि गवंड्याला फुकट सांगत आलो आहे. खरवडायला किती आठवडे जातात आणि चुन्याचा प्रत्येक थर किती दिवस ओला ठेवून जपावा लागतो, याचा मला कंटाळा आला होता म्हणून तर याला बोलावले! आता त्याच्या तोंडून ऐकल्यावर गवंडी गंभीरपणे मान डोलावत होता.

पावतीवर ‘एसी न बसवण्याचे कारण’ या शीर्षकाखाली तीनच पर्याय छापलेले होते: वीजपुरवठा अपुरा, ग्राहक अनुपस्थित, घराची रचना सदोष. त्याने क्षणभर विचार करून तिसऱ्यावर खूण केली.

‘अहो, रचना चांगली आहे म्हणूनच एसी नको ना?’

‘तसा रकाना नाही, काका,’ तो म्हणाला आणि ग्राहकाच्या सहीची जागा बोटाने दाखवली. मी सही केली.