ग्रहणोत्सवाचा समन्वयक

ज्या माणसाचे काम नेमके काय आहे हे कोणाला ठाऊक नसते, त्याला कामच नाही असे धरून चालण्याची विद्यापीठांमध्ये जुनी पद्धत आहे, आणि ग्रंथपाल दिवसभर काय करतो हे आमच्या उपकेंद्रात अद्याप कोणी विचारलेले नाही. त्यामुळे २५ ऑक्टोबर २०२२ च्या खंडग्रास सूर्यग्रहणानिमित्त ‘ग्रहणोत्सव’ साजरा करावा, असे परिपत्रक वरून आले तेव्हा समन्वयकाच्या नावावर चर्चा अशी झालीच नाही. भौतिकशास्त्राचे पद आमच्याकडे मंजूर आहे, भरलेले नाही. तो विषय शिकवणारा तरुण तासिका तत्त्वावर असल्यामुळे त्याला दिवाळीच्या सुट्टीत बोलावले असते तर त्याचे मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, असा प्रश्न उभा राहिला असता. माझ्या बाबतीत असा कोणताच प्रश्न नव्हता. उपकेंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे सेवापुस्तक अजून तिथल्याच कपाटात आहे. जयगडच्या खाडीच्या उत्तरेला, समुद्राकडे तोंड केलेल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ते आहे, एवढे पुरे.

त्या वर्षी सोमवारी लक्ष्मीपूजन होते, बुधवारी पाडवा होता आणि मधला मंगळवार भाकड होता. असा दिवस कोकणी माणसाने पोटभर फराळ करून ओटीवर आडवे होण्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि नेमका तोच चंद्राने निवडला. ‘‘हे ऐन दिवाळीत कसे काय आले?’’ असे संचालकांनी मला जरा जाब विचारल्याच्या स्वरात विचारले. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, लक्ष्मीपूजनही अमावास्येचेच असते, तेव्हा दोघांची गाठ कधीमधी पडायचीच. १९९५ साली राजस्थानात नीम का थाना येथे खग्रास ग्रहण दिसले तेही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, असे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एखादा आठवडा पुढे ढकलता येईल का, असे विचारले. यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. परीक्षा, निकाल आणि दीक्षान्त समारंभ यांपैकी ठरल्या दिवशी झालेले त्यांनी आजवरच्या नोकरीत काहीच पाहिलेले नव्हते.

मग उपसमित्या नेमल्या गेल्या. स्वागत, मंडप, अल्पोपाहार आणि प्रसिद्धी या उपसमित्यांवर जाण्यासाठी चढाओढ झाली. निरीक्षण उपसमितीवर मात्र कोणीच न उरल्यामुळे तिचा अध्यक्ष, सचिव आणि सदस्य मीच झालो. ग्रहण पाहण्याचे चष्मे खरेदी करायचे तर नियमाप्रमाणे तीन दरपत्रके हवीत. एका दुकानदाराने खऱ्या सौर चष्म्यांचे दर दिले, दुसऱ्याने उन्हात घालायच्या काळ्या चष्म्यांचे दिले आणि तिसऱ्याने पोहण्याच्या चष्म्यांचे दिले, जे सर्वांत कमी होते. कमीत कमी दराचीच खरेदी झाली पाहिजे, असा लेखा विभागाचा आग्रह होता. काळ्या चष्म्यातून सूर्य पाहिला तर डोळ्यांतील दृष्टिपटल भाजते आणि त्याला वेदनेची जाणीव नसल्यामुळे भाजल्याचे तत्काळ कळतही नाही, हे मी टिपणी लिहून पटवले. पोहण्याच्या चष्म्याविषयी टिपणीत काय लिहावे हे मात्र मला सुचेना. अखेर खरे चष्मे आले ते जेमतेम पहिल्या दोन रांगांना पुरतील इतके, आणि पहिल्या दोन रांगा सन्माननीय व्यक्तींसाठी राखीव होत्या.

निमंत्रणपत्रिकेचा मसुदा माझ्यापुढे आला तेव्हा ग्रहणदर्शनाची वेळ ‘सायंकाळी ६.१५ ते ६.३०’ अशी छापलेली होती. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर ग्रहणाचा स्पर्श पाच वाजायला काही मिनिटे असताना व्हायचा होता, मध्य पावणेसहाच्या सुमारास होता, आणि सहा वाजून गेल्यावर लगेचच सूर्य ग्रहणासकट समुद्रात जाणार होता. मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणे, आपल्याकडून दिसणारच नव्हता. जुने लोक अशा ग्रहणाला ग्रस्तास्त म्हणतात. म्हणजे सव्वासहाला पाहण्यासारखा समुद्र तेवढा उरला असता. हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्यांचे मार्गदर्शन यांच्या आधी दर्शन कसे ठेवता येईल, असा पेच संचालकांनी माझ्यापुढे टाकला. ‘‘सर, कार्यक्रमात थोडे इकडेतिकडे होतेच,’’ असे म्हणून त्यांनी मसुद्यावर सही केली.

मंगळवारी दुपारी मी मंडपात गेलो आणि मंडपवाल्याचे काम पाहून चाटच पडलो. व्यासपीठ पश्चिमेला, म्हणजे अगदी योग्य दिशेला होते. पण त्याच्या पाठीमागे मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भलामोठा फ्लेक्स ताणून बांधलेला होता आणि त्यावर सूर्यग्रहणाचे चित्र होते. चित्र खग्रास ग्रहणाचे, हिऱ्याच्या अंगठीचे, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाताना कडेला उरणाऱ्या एका लखलखत्या ठिपक्याचे होते. आमच्याकडे सूर्यबिंबाचा पाव हिस्साही झाकला जाणार नव्हता. सर्वाधिक झाकला जाणार होता तो तिकडे सैबेरियात, आणि चंद्राची गडद सावली पृथ्वीवर पडणारच नसल्यामुळे हिऱ्याची अंगठी त्या दिवशी जगात कोठेच दिसायची नव्हती. तेही एक वेळ चालले असते. अडचण अशी होती की साडेचारनंतर खरा सूर्य उतरत उतरत नेमका त्या फ्लेक्सच्या मागे गेला. छापलेला सूर्य मागच्या सूर्यामुळे असा काही उजळून निघाला की अध्यक्षांनी खुर्चीवर बसता बसता सजावटीबद्दल मंडपवाल्याचे कौतुक केले. फ्लेक्स काढावा म्हटले, तर त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात पाहुण्यांचे छायाचित्र होते.

पाहुण्यांनाच उशीर झाला. सुट्टीमुळे जयगडच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि पाहुण्यांची गाडी खाडीच्या आमच्या बाजूला, तवसाळला, उतरेपर्यंत पाच वाजून गेले होते. तोवर तिकडे आकाशात स्पर्श होऊन गेला होता. इकडे समईची वात समुद्रावरच्या वाऱ्यापुढे टिकेना, म्हणून चार प्राध्यापकांनी कोट पसरून आडोसा केला आणि त्या आडोशात दीपप्रज्वलन झाले, जे प्रेक्षकांपैकी कोणालाच दिसले नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी सूर्यावर एक चारोळी म्हटली. मुले विचारत होती की अंगठी कधी दिसणार.

पाहुणे उभे राहिले ते थेट विजयदुर्गावर जाऊन पोहोचले. कोकणात ग्रहणावर बोलायचे आणि विजयदुर्गाचे नाव काढायचे नाही, हे शक्यच नाही, आणि त्यात गैरही काही नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याभोवतीच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, तिच्यावरून पुढे हेलियमचा शोध लागला आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडावे लागले. विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. इथवर सारे ठीक होते. पण पाहुण्यांनी त्या शोधाशी नाव जोडलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाला, प्रत्यक्ष नॉर्मन लॉकयरलाच त्या ओट्यावर दुर्बीण घेऊन बसवले तेव्हा माझ्यातला ग्रंथपाल चुळबुळू लागला. ग्रंथालयातल्या पुस्तकांप्रमाणे लॉकयर त्या वर्षी इंग्लंडातच होता आणि त्याने आपले निरीक्षण ऑक्टोबरात, ग्रहण नसताना केले. ग्रहणाच्या दिवशी भारतात होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन, आणि तोही आंध्रातल्या गुंटूरला. मी हळूच संचालकांच्या कानाशी लागलो. ते पुढे पाहतच म्हणाले, ‘‘सर, पाहुणे आपले, विजयदुर्ग आपला. गुंटूर आपले कोण?’’

मात्र माझी खरी कसोटी अल्पोपाहाराने पाहिली. परिपत्रकात संविधानाच्या अनुच्छेद ५१क चा हवाला होता. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे १९७६ च्या घटनादुरुस्तीने त्यात नमूद केले आहे. त्यास अनुसरून, ग्रहणात अन्न खाऊ नये ही अंधश्रद्धा दूर करण्यासाठी सर्वांनी ऐन ग्रहणकाळात जाहीरपणे बटाटेवडे खावेत, असा ठराव अल्पोपाहार उपसमितीने एकमताने केला होता. ठराव करताना एकमत होते. खाताना मात्र प्रत्येकाचे मत निराळे निघाले. संचालकांना नेमका त्याच दुपारी मधुमेह आठवला. मॅडम म्हणाल्या, ‘‘माझा मुळीच विश्वास नाही हो सर, पण सासूबाई घरी आहेत.’’ सासूबाई घरी असताना मॅडमनी मंडपात वडा खाण्यास काय हरकत होती, हे मी विचारले नाही. विद्यार्थी परिषदेच्या सचिवाचा मंगळवारचा उपवास होता. पाहुण्यांनी फराळ फार झाल्याचे सांगून बशी माझ्याकडे सरकवली. छायाचित्रकाराला ‘ग्रहणकाळात अल्पोपाहार’ या मथळ्याखाली छापायला कोणीतरी खाणारा हवा होता, आणि सगळ्यांच्या नजरा निरीक्षण उपसमितीकडे वळल्या.

माझ्याही मनात सारे काही स्वच्छ होते असे नाही. १६ फेब्रुवारी १९८० ला खालच्या बाजूला कारवारकडे खग्रास दिसले त्या दुपारी आमच्या घरातल्या खिडक्यांना चादरी लावून आम्हा भावंडांना माजघरात बसवले होते, आणि कोणी पाण्याचा तांब्या जरी उचलला तरी आई डोळे वटारत होती. त्या डोळ्यांच्या देखत मी पहिला वडा उचलला. छायाचित्र हलले, म्हणून दुसरा उचलला. मग अध्यक्षांसोबत एक झाला, बॅनरसोबत एक झाला, आणि फराळाच्या चकल्या आधीच ठाण मांडून बसलेल्या पोटात वैज्ञानिक दृष्टिकोनाला जागा करून देणे कठीण होऊ लागले. मी पाणी प्यायला कँटीनमध्ये गेलो, तेव्हा कँटीनवाल्या काकी पदर खोचून उरलेला घाणा तळत होत्या. ‘‘बिनघोर खावा सर,’’ त्या मला धीर देत म्हणाल्या, ‘‘मी सगळ्या पिठात तुळस टाकलीय.’’ म्हणजे प्रयोगच बाद झाला. मी काही बोलायच्या आत त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, ‘‘आणि तुम्ही काय गरवार नाय.’’

कँटीनच्या मागच्या भिंतीशी पोरांचा गलका ऐकू आला म्हणून मी तिकडे गेलो. तासिका तत्त्वावरचा तो भौतिकशास्त्राचा तरुण भाचीला घेऊन आपणहून आला होता आणि त्याने काकींचा जुना झारा मागून घेतला होता. मावळतीचे ऊन भिंतीवर आडवे पडले होते. त्याने भिंतीपासून चांगल्या चार-पाच पावलांवर झारा उन्हात धरला आणि पांढऱ्या चुन्यावर झाऱ्याच्या सावलीत ओळीने प्रकाशाचे ठिपके उमटले. पण एकही ठिपका धड गोल नव्हता. प्रत्येकाची एका बाजूची कड, उंदराने पापड कुरतडावा तशी, नीटस अर्धवर्तुळात गेलेली होती. झाऱ्याला जितकी भोके, तितकी ग्रहणे. भोक गोल असले तरी ठिपका सूर्याच्या आकाराचा पडतो, आणि एक मीटरवर सूर्याची प्रतिमा नऊ मिलिमीटरच्या आसपास येते, असे तो पोरांना समजावत होता. भाचीने झारा हातात घेऊन मागे सरकत नेला, तसे ठिपके मोठे आणि फिके होत गेले. पुढे आणला, तसे लहान आणि ठसठशीत झाले. आमचे शिपाई मामा, जे ग्रहणाकडे पाहणार नाही अशी शपथ घेऊन सकाळपासून कार्यालयात बसून होते, तेही भिंतीकडे पाहायला हरकत नाही असा निर्णय घेऊन बाहेर आले. ‘‘हे आकाशात नाय, चुन्यावर हाय,’’ असे त्यांनी मला बजावले. झाऱ्याला तेल होते, त्यामुळे एका कोपऱ्यातले दोन सूर्य तेवढे बुजलेले होते.

मी मंडपात परतलो तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालेले होते आणि सूर्य क्षितिजापासून बोटभर वर होता. भिंतीजवळची पोरे सड्याच्या कडेला धावली, त्यांच्यामागे त्यांच्या आया धावल्या, आणि पाहता पाहता मागच्या सगळ्या रांगा फ्लेक्सला वळसा घालून निघून गेल्या. चष्मे होते ते पहिल्या दोन रांगांकडे, आणि त्या रांगांना उठणे शोभत नव्हते. अखेर मॅडमनी आपला चष्मा पोरांना दिला आणि त्यांच्यामागोमाग सासूबाईंना न सांगण्याच्या अटीवर स्वतःही गेल्या. मंडपवाल्यापासून वीज मंडळापर्यंत सर्वांचे आभार मानले गेले ते अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि मी ऐकले. सूर्याचे आभार मानायचे राहिले. सड्याच्या कडेवरून मोठा ओरडा झाला तेव्हा राष्ट्रगीताला आम्ही उभेच होतो, म्हणून मान वळवता आली नाही.

सूर्यास्तानंतर वडे खायला हरकत नाही, असा माझा समज होता. पण ग्रहण ग्रस्तास्त असल्यामुळे दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब पाहिल्याशिवाय अन्न घेऊ नये, असे गावातल्या जुन्या मंडळींनी काढले, त्यावर संध्याकाळी सातनंतर चालते असे दुसऱ्यांनी काढले, आणि हा वाद मिटेपर्यंत वडे गार झाले. ते पाटीभर वडे मामांनी पाडव्याच्या सकाळी, स्नान आणि सूर्यदर्शन आटोपून, मनोभावे खाल्ले. काकींचे बिल मात्र अजून निघालेले नाही. अल्पोपाहाराच्या खर्चासोबत लाभार्थींच्या सह्यांचा तक्ता जोडावा लागतो, आणि ग्रहणकाळात आपण खाल्ले असे लिहून द्यायला कोणीही तयार झाले नाही. तक्त्यावर माझी एकट्याची सही आहे. एका व्यक्तीने एवढे वडे कसे भक्षण केले याचा खुलासा करावा, असा आक्षेप लेखापरीक्षकांनी लाल शाईत नोंदवला आहे.

आपल्याकडून दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ चे आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल आणि आपल्याकडे ते खंडग्रास असेल. तो भर पावसाळा आहे आणि आमच्या सड्यावर त्या दिवसांत सूर्य मुळात असतो की नाही हेच कळत नाही. शिवाय ती आषाढी अमावास्या, म्हणजे शास्त्राप्रमाणे दिव्यांची अवस आणि लोकाचाराप्रमाणे गटारी असल्यामुळे अल्पोपाहार उपसमितीवर आत्तापासूनच नावे येत आहेत. मी ३१ जुलै २०२७ रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त होतो, हे मी संचालकांना आठवण म्हणून सांगितले. निवृत्त कर्मचाऱ्याला मानद समन्वयक म्हणून, विनामानधन, नेमता येते असा नियम त्यांनी मला दाखवला. नियमांचे ते पुस्तक गेल्या महिन्यात मीच त्यांना फडताळातून काढून, धूळ झटकून, नोंदवहीत सही घेऊन दिले होते.