ताई, तो फॉरवर्ड खोटा आहे

‘इजिप्तच्या देवांचे गेम खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनो, सावधान!’ हा फॉरवर्ड परवा ताईने घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगोलग भाच्याचे फासे जप्त झाले. म्हणून हा खटाटोप. फॉरवर्डचं म्हणणं असं: या रोल-प्लेइंग गेममधले (म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायच्या खेळातले) मंत्र खरे असतात, खेळणाऱ्याला फेरोचा, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजाचा, शाप बाधतो, आपल्या मुलांना परक्या देवांच्या नादी लावायचा हा डाव आहे, आणि अमेरिकेत एक मुलगा असाच खेळताना भुयारात मेला.

मंत्रांचं म्हणाल तर ‘मृतांचं पुस्तक’ प्राचीन इजिप्तमध्ये होतं आणि गेमवाले त्यातून नावं उचलतात, एवढं खरं. पण ते मंत्र मेलेल्या माणसाच्या सोयीचे. पपायरसच्या कागदावर लिहून त्याच्यासोबत पुरायचे. 125व्या मंत्रात तो मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात सांगतो, मी चोरी केली नाही, खोटं बोललो नाही, कुणाला मारलं नाही. भाच्याने हे पाठ केलं तर ताईने पेढे वाटावेत! खेळात प्रत्यक्षात काय होतं? एक पोरगा म्हणतो, ‘मी थडग्याचं दार ढकलतो’, वीस बाजूंचा फासा टाकतो, तीन पडतात, दार ढिम्म हलत नाही. बाकीचे खिदळतात. झाला मंत्र.

आता तो शाप. 1922 मध्ये हॉवर्ड कार्टरने फेरो तुतानखामुनचं थडगं शोधलं, पैसा लावणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल 1923 मध्ये वारले, आणि वर्तमानपत्रांना घबाड मिळालं. कार्नार्व्हन गेले ते डास चावलेली जागा चिघळून. त्या थडग्यात शापाचा लेख सापडलेलाच नाही. कार्टर वर्षानुवर्षं तिथे राबला आणि 1939 पर्यंत जगला. कार्नार्व्हनची मुलगी ईव्हलिन पहिल्यांदा आत शिरणाऱ्यांत होती. ती 1980 मध्ये गेली. शाप फारच सावकाश चालत असावा. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्क नेल्सन यांनी चक्क याचा हिशेब मांडला. थडगं, शवपेट्या किंवा ममी उघडताना हजर असलेले 25 पाश्चात्त्य लोक त्यांनी धरले. मृत्यूच्या वेळी त्यांचं सरासरी वय 70, आणि त्या ‘शापा’नंतर ते सरासरी जवळपास एकवीस वर्षं जगले. तेव्हा इजिप्तमध्येच असून तिथे हजर नसलेल्यांशी तुलना केली, तर शापाचा पुरावा म्हणावा असा फरक निघाला नाही. खुद्द थडग्यात शिरलेल्यांची ही गत, तर डोंबिवलीतल्या हॉलमध्ये फासे टाकणाऱ्याला काय बाधणार?

गंमत म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच प्रसिद्ध गेमचं 1982चं ‘फेरो’ नावाचं साहस (खेळायला तयार करून दिलेली गोष्ट) आहे, त्यात उलटाच मामला. फेरोचं भूत खेळाडूंच्या विनवण्या करतं की बाबांनो, माझं थडगं लुटा! लुटल्याशिवाय त्याची वाळवंटातली वणवण संपत नाही.

परक्या देवांचा डाव वगैरेवर वेळ घालवत नाही. याच खेळाच्या 1980च्या देवदेवतांच्या पुस्तकात ग्रीक आहेत, नॉर्स आहेत, इजिप्तचे आहेत आणि आपला इंद्रही आहे. अभ्यास बुडतो, पुस्तकं महाग पडतात, ही तक्रार मात्र ताईची रास्त आहे. त्यासाठी खेळाची वेळ ठरवून देता येते.

खरा राग आहे तो भुयारातल्या मुलाच्या गोष्टीचा. 1979 मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. तो युनिव्हर्सिटीखालच्या, वाफेचे पाइप नेणाऱ्या भुयारांत गेम खेळायला गेला असावा, हा शोधाला लावलेल्या खाजगी गुप्तहेराचा तर्क. छापून आला आणि चिकटला. प्रत्यक्षात मुलगा नैराश्याने खचलेला होता, आणि भुयारात गेला होता तो जीव द्यायला. तिथे तो मेला नाही. साधारण महिन्याभराने जिवंत सापडला. पुढच्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. फेरो आणि ममी या प्रकरणात कुठेच नाहीत. आणि हा फॉरवर्ड वाचून आई-बाप मुलाचं कपाट तपासतात. तो महिनाभर नीट जेवत का नाही, हे विचारायचं राहून जातं.